खिळ्यावरची यादी

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बनुबाई एकटीने म्हैस घ्यायला गेली ते साल एकोणीसशे एकाहत्तर. तिचा नवरा आसाराम साखर कारखान्यावर हंगामी कामाला होता. वर्षातले सहा महिने तो तिकडेच असायचा. दोन एकर कोरडवाहू, एक गाय आणि घर असं सगळं बनुबाईच सांभाळायची. दुपारच्या वेळी ती गोधड्या शिवायची. तिच्या गोधडीचे टाके बारीक आणि सरळ रेषेत, म्हणून शेवगाव-नेवाशापर्यंतच्या लेकीबाळींच्या लग्नात तिची गोधडी जायची. गोधड्यांचे, दुधाचे आणि एका वर्षी चांगल्या निघालेल्या कांद्याचे मिळून तीन वर्षांत तिने म्हशीपुरते पैसे जमवले होते.

हे पैसे तिने पतपेढीत ठेवले होते. ही पेढी बाजाराच्या तोंडाशीच नवी निघाली होती. निघाली तेव्हा भोंगा लावलेली जीप वस्त्यावस्त्यांवरून फिरली आणि गुलाबी कागदाची हँडबिलं वाटून गेली. बनुबाईला अक्षरं येत नव्हती, आकडे तेवढे यायचे. तिच्या शेजारणीने, रतनबाईने, ते हँडबिल तिला अंगणात बसून वाचून दाखवलं. रतनबाई चौथी शिकलेली. हँडबिलावर लिहिलं होतं, ‘आपली ठेव संपूर्ण सुरक्षित. आपल्या खात्याची माहिती संपूर्ण गुप्त. या कानाची त्या कानाला खबर नाही.’ हाच मजकूर पेढीच्या दारावरच्या पाटीवर हातभर मोठ्या अक्षरांत होता.

शेवटच्या ओळीने बनुबाईचं मन वळलं. घरात कुणापासून चोरून ठेवायचं असं तिचं काही नव्हतं. पण बाईजवळ इतके इतके पैसे आहेत असा आकडा एकदा वस्तीवर फिरला की उसने मागणारे दाराशी येतात, आणि नाही म्हणताना जीव जातो, हे तिने पाहिलेलं होतं. ती रतनबाईला घेऊन गेली, दहा रुपयांचा शेअर घेऊन सभासद झाली आणि खातं उघडलं. तीन वर्षांत आपला आकडा तिने नवऱ्यालाही नेमका सांगितला नाही. ‘म्हशीपुरते होत आलेत,’ एवढंच म्हणायची.

पेढीचा एक नियम होता. पाचशेच्या वर रक्कम काढायची तर बाजाराच्या दोन दिवस आधी चिठ्ठी द्यायची, कारण तेवढी रोकड पेढीत नेहमी नसायची, नगरच्या बँकेतून आणावी लागायची. माघ महिन्यात बनुबाईने चौदाशे पन्नास रुपयांची चिठ्ठी दिली. चिठ्ठी रतनबाईने लिहिली, खाली बनुबाईने अंगठा उठवला.

बाजारच्या दिवशी पैसे कमरेच्या पिशवीत बांधून ती म्हशींच्या रांगेत शिरली. तिला जनावरातलं कळत होतं. दुसऱ्या वेताची एक म्हैस तिने हेरली. कास भरदार, चारी सड सारखे, डोळा शांत. दलाल कानिफनाथ नावाचा मनुष्य होता, गोड बोलणारा. त्याने तिचं नाव विचारलं, वस्ती विचारली, मग म्हशीची धार काढून दाखवली.

त्या बाजारात पुरुषांचा सौदा उपरण्याखाली व्हायचा. दोघांचे हात कापडाखाली, बोटांनी आकडा सांगायचा, बाजूला उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. बाईमाणसाच्या हातात हात कोण घालणार, म्हणून बनुबाईशी कानिफनाथ तोंडीच बोलला. अठराशेपासून सुरुवात झाली. सोळाशे झाले, पंधराशे झाले. मग त्याने शेवटचा आकडा सांगितला आणि थांबला.

“चौदाशे पन्नास. ह्याच्याखाली रुपया न्हाई. तेवढं तुमाला जमन्यासारखं हाय, अक्का.”

बनुबाईचा हात कमरेच्या पिशवीकडे गेला. तिने अजून एकदाही आपला आकडा उच्चारला नव्हता. तिने बाराशे म्हणून पाहिलं, तेराशे म्हणून पाहिलं. कानिफनाथ नुसता हसत होता. समोरच्याच्या खिशात हात घालून आधीच मोजून घेतल्यासारखा. बनुबाईने म्हशीचा कासरा सोडला आणि ती बाजूला झाली. थोड्या वेळाने सौद्याची पावती फाडतात त्या खिडकीशी तिने ऐकलं, तसलीच दुसऱ्या वेताची म्हैस मिरजगावच्या एका माणसाने अकराशेला नेली होती.

ती रिकाम्या हाताने परत आली. दोन कोसांची वाट चालताना तिच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आकडा कुणाकुणाला ठाऊक होता? एक आपल्याला. दुसरी पेढी, पण तिथे तर या कानाची त्या कानाला खबर नाही, तसं पाटीवरच लिहिलेलं. मग उरली रतनबाई. तिचा भाऊ बाजारात बैलांची ने-आण करायचा.

बनुबाई सरळ रतनबाईच्या दारात गेली आणि बोलू नये ते बोलली. रतनबाई चुलीशी होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, की माझ्या हातून अक्षर लिहून घेतलंस तेव्हा माझ्यावर भरवसा होता, आणि आज छापील अक्षरावर जास्त झाला. दोघींच्या घरांमधे एक बोरीचं झाड आणि पाण्याचा रांजण एवढंच अंतर होतं. त्या दिवसापासून बनुबाई पाण्याला जाताना मान फिरवून जाऊ लागली. हे दोन महिने चाललं.

पैसे तिने परत पेढीत भरले. घरात ठेवणं त्याहून वाईट वाटत होतं. चैत्रात कधीतरी गोधडीचे चाळीस रुपये भरायला ती गेली, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. कॅशियर जेवायला गेलेला. चिटणीस गोरक्षनाथ तिला म्हणाला, बसा, मागच्या पडवीत माठ आहे, पाणी प्या. गोरक्षनाथ तिशीतला, सडपातळ, शाईचे डाग पडलेल्या बोटांचा मनुष्य. पेढीची सगळी लिखापढी त्याच्याकडे होती.

मागच्या पडवीत माठाशेजारी भिंतीला एक खिळा होता आणि खिळ्याला एक कागद टोचलेला होता. दोन माणसं पाणी प्यायच्या निमित्ताने तिथे उभी होती. एकजण कागदावर वरून खाली बोट फिरवत होता आणि दुसरा पुटपुटत होता. बनुबाईला पाहून दोघं बाहेर निघून गेले. ती कागदापाशी गेली. नावं तिला वाचता आली नाहीत. पण प्रत्येक नावापुढे आकडा होता. सातशे. नऊशे ऐंशी. बाराशे. बाजार दोन दिवसांवर आला होता.

ती पाणी न पिताच आत आली आणि तिने गोरक्षनाथला विचारलं की तो कागद कसला. त्याने मान खाली घातली. मग हळू आवाजात सांगून टाकलं. चिठ्ठ्या आल्या की तो यादी करायचा. पहाटेच्या एस.टी.ने नगरला रोकड आणायला जाणाऱ्या शिपायाला ती सहज सापडावी म्हणून पडवीत टांगायची पद्धत पडली होती. माठ तिथेच, त्यामुळे सगळा बाजार तिथे पाणी प्यायला यायचा. संचालक राधाकृष्ण यांचा पुतण्या कानिफनाथ तर दर वेळी यायचा. गोरक्षनाथने दोनदा सांगून पाहिलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

“पाटीवरचं वाक्य मी लिहिलेलं नाही, बनुबाई,” तो म्हणाला. “पण रोज त्याच्याखालून आत येतो.”

बनुबाईने चाळीस रुपये भरलेच नाहीत. ती तडक वस्तीवर आली. रतनबाई अंगणात सूप घेऊन बाजरी पाखडत होती. बनुबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. माझं चुकलं, असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायला गेली आणि रडू लागली. रतनबाईचं पाखडणं थांबलं नाही. सुपातली बाजरी संपली तशी तिने सूप बाजूला ठेवलं आणि बनुबाईच्या पाठीवर हात ठेवला.

“रडू नको आता,” ती म्हणाली. “तोंडानं सांगशील तर कोन ऐकंल? दिसंल असं काय तरी करू.”

पुढचे काही दिवस दोघी तेवढंच बोलत होत्या. रतनबाईचेही पेढीत पैसे होते आणि तिलाही म्हैस हवी होती. ठरलं असं. दोघींनी वेगवेगळ्या दिवशी चिठ्ठ्या द्यायच्या. बनुबाईने राहिलेले चाळीस भरून चौदाशे नव्वदची, रतनबाईने हजार पस्तीसची. मग बाजारात एकीने म्हैस पसंत करायची, भाव करायचा आणि सोडून द्यायची. नंतर दुसरीने त्याच म्हशीकडे जायचं. साक्षीला कुणीतरी हवं होतं. पलीकडच्या वाडीत आप्पासाहेब नावाचे निवृत्त शिक्षक राहायचे. तेही पेढीचे सभासद. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि आपण येतो म्हणाले.

वैशाखातल्या बाजारात बनुबाई पुन्हा कानिफनाथपुढे उभी राहिली. आप्पासाहेब तिच्या मागे, सोबत आलेल्या नातेवाइकासारखे. म्हैस मागच्यासारखीच, दुसऱ्या वेताची. कानिफनाथने नाव विचारलं. तिने सांगितलं. एकोणीसशेपासून तो खाली उतरत आला आणि चौदाशे नव्वदवर थांबला. बनुबाईने बारा वेळा ओढून पाहिलं, तो हलला नाही. आज नको, असं म्हणून ती निघाली. सगळ्यांना दिसेल अशी ती बाजाराच्या बाहेर चालू लागली. आप्पासाहेबांनी खिशातली डायरी काढून आकडा आणि वेळ लिहिली. ते तिथेच, शेजारच्या म्हशीचे दात बघत रेंगाळले.

दुपार कलल्यावर रतनबाई आली. तिने त्याच म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. कानिफनाथने नाव विचारलं, वस्ती विचारली आणि तेराशेपासून सुरू केलं. बाजार उठायला आला होता, म्हशीला परत हाकत न्यायचं म्हणजे चारा आलाच. अकराशे झाले. अकराशेवरून हजार पस्तीसवर आला आणि थांबला.

“ह्याच्याखाली न्हाई, ताई. एवढे तर तुमच्याजवळ असतीलच.”

“हायेत,” रतनबाई म्हणाली, आणि कमरेची पिशवी सोडली.

सकाळी जी म्हैस चौदाशे नव्वदच्या खाली मिळत नव्हती, तीच दुपारी हजार पस्तीसला गेली. पावतीच्या खिडकीत आकडा लिहिला गेला, शिक्का बसला. रतनबाईने म्हशीचा कासरा हातात घेतला. बाजाराबाहेरच्या चिंचेखाली बनुबाई वाट पाहत बसली होती. दोघी म्हशीला मधे घेऊन वस्तीवर आल्या, आणि वाटेत बराच वेळ कुणाचंच हसू थांबेना.

ही गोष्ट पेढीचे चेअरमन श्रीमंतराव यांच्या कानावर गेली. ते वाईट मनुष्य नव्हते. पण पेढी त्यांनी हाताने उभी केली होती आणि तिला डाग लागलेला त्यांना नको होता. त्यांनी बनुबाईला बोलावून घेतलं. यादी आत ठेवायची सोय करतो, तुम्हाला म्हशीसाठी कमी व्याजाने कर्जही देतो, पण हे सभेत काढू नका, असं त्यांनी समजावलं. कर्जाचं ऐकून बनुबाई उठली. मला पैसे नकोत, पैसे माझे आहेतच, असं ती म्हणाली.

पेढीची वार्षिक सभा श्रावणात शाळेच्या पटांगणात भरली. दीडेकशे सभासद होते, त्यांत बाया सात. अहवाल वाचून झाला, कुणाला काही विचारायचं आहे का असं श्रीमंतरावांनी विचारलं, आणि बनुबाई उभी राहिली. पदर नीट करून तिने पडवीतला खिळा, तो कागद आणि दोन बाजारांतले आकडे सांगितले. रतनबाईने पावती दाखवली. आप्पासाहेबांनी डायरी वाचली. लोक आपापसांत बोलू लागले. मागे बसलेला एक धनगर उठून म्हणाला की गेल्या वर्षी मेंढ्या घेताना त्याच्याबरोबरही असंच झालं होतं, त्याने आजवर आपल्या मेव्हण्यावर संशय घेतला होता. मग आणखी दोघं उठले.

संचालक राधाकृष्ण जागेवरूनच बोलले. त्यांचं म्हणणं असं, की पाटी म्हणजे जाहिरात. जाहिरातीत थोडं जास्त लिहितातच. सगळेच लिहितात. ते शब्दशः कुणी घेत नाही.

“मी घेतलं,” बनुबाई म्हणाली. “मी दुधात पानी घालून निर्मळ म्हनून इकलं तर तुमी घ्याल का, जाहिरात म्हनून? आन माझं पैशाचं काय बुडलं न्हाई. पन तुमी लिवलं त्यावर इस्वास ठेवला म्हून मी माज्या मैतरनीवर आळ घेतला. दोन महिने तिच्या दाराम्होरनं मान फिरवून गेले. ते तुमी कसं भरून देनार?”

मग ती पुढे बोलली. कापडाखालचा आकडा या बाजारात आजवर कुणी फोडला नाही, तिथे कसली पाटी नाही की काही नाही. आणि पाटी लावलेल्या घरातला आकडा माठावर पाणी पिणाऱ्याला कळतो. एक तर पाटीवर आहे तसं वागा, नाहीतर वागता तसं पाटीवर लिहा. दोन्हींतलं काहीही करा, मी खातं बंद करणार नाही.

तेव्हा गोरक्षनाथ उभा राहिला. नोकरी त्याची होती, घरात चार तोंडं होती. बनुबाई सांगते ते खरं आहे, यादी मीच टांगत होतो, असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. श्रीमंतरावांनी कपाळावरचा घाम पुसला. नंतर त्यांनी जे केलं त्याबद्दल लोक त्यांना पुढे मान देऊ लागले. त्यांनी ठराव मांडायला सांगितला आणि स्वतः सूचक म्हणून नाव घातलं. अनुमोदन बनुबाईचं.

यादी यापुढे चिटणिसाच्या कुलपाच्या खणात राहील, शिपायाला नावं न दाखवता फक्त एकूण रकमेची चिठ्ठी मिळेल, आणि पाटी बदलली जाईल, असा ठराव होता. हात वर झाले ते मोजायला गोरक्षनाथला दोनदा फिरावं लागलं. विरोधात चार हात होते. राधाकृष्ण त्याच सभेत राजीनामा देऊन चालते झाले.

पाटीच्या मजकुरावर मात्र तासभर वाद झाला. कुणी म्हणालं, ‘संपूर्ण सुरक्षित’ तेवढं तरी राहू द्या. बनुबाईने विचारलं, पैसे कुठे ठेवता? गोरक्षनाथ म्हणाला, लोखंडी कपाटात, तिजोरी अजून घेतलेली नाही, आणि दोन हजारांच्या वरची रोकड नगरच्या बँकेत जाते. मग तेच लिहा, असं ती म्हणाली. खात्याची माहिती कोणाकोणाला दिसते? चिटणिसाला, कॅशियरला, वर्षातून एकदा हिशेबतपासनिसाला, आणि कोर्टाने मागितली तर कोर्टाला. मग तेही लिहा. श्रीमंतराव म्हणाले, असं लिहिलं तर पैसे कोण ठेवील? तरी तसंच लिहायचं ठरलं.

नव्या पाटीवर पेंटरला अक्षरं बारीक काढावी लागली, कारण मजकूर लांब होता. बाजारच्या दिवशी लोक पाटीपुढे थांबून वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला वाचायला लावत. कपाटाचं वाचून काहीजण हसले. एकाने पैसे काढूनही नेले. पण त्या आठवड्यात एकतीस नवी खाती उघडली, त्यांतली एकोणीस बायांची होती. श्रीमंतरावांनी पुस्तक दोनदा उलटून पाहिलं. पुढच्या पोळ्यापर्यंत पेढीने तिजोरी घेतली, आणि पेंटरला बोलावून पाटीवरची कपाटाची ओळ बदलून घेतली.

सभा झाली त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या बाजारात बनुबाई म्हैस घ्यायला गेली. सोबत रतनबाई होती. कानिफनाथ अजून तिथेच धंदा करत होता, त्याला कुणी हाकललं नव्हतं. त्याने बनुबाईला पाहून उपरणं सावरलं. म्हैस तिसऱ्या वेताची, पण कासेला पहिल्या दोन्हींपेक्षा सरस होती. बनुबाईने धार काढून पाहिली, दात पाहिले, खुरं पाहिली. कानिफनाथ सोळाशे म्हणाला. ती आठशे म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता, कमरेकडे पाहत होता, आणि त्याला काहीच वाचता येत नव्हतं. चौदाशे, बाराशे, अकराशे. बनुबाई चालू लागली. त्याने हाक मारली.

“हजार पन्नास. घ्या, अक्का.”

“हजार,” बनुबाई म्हणाली.

त्याने कासरा तिच्या हातात दिला. बनुबाईने दहा नोटा मोजून दिल्या. पिशवीत अजून चारशे साठ रुपये उरले होते, आणि अख्ख्या बाजारात ते तिच्याशिवाय फक्त रतनबाईला ठाऊक होतं. पावती घेऊन ती म्हशीपाशी आली, तिच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, आणि रतनबाईला म्हणाली की चल, दिवस मावळायच्या आत घरी जाऊन आधी हिची धार काढू.